पोराच्या डोक्यातला कारभारी घडवा



द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढच्या चार-साडेचार महिन्यांचा कार्यक्रम आपल्या डोक्यात तयार असतो. विरळणी कधी, फवारणी कोणती, मजूर कुठून आणायचे, सगळं ठरलेलं. आभाळ आलं तर बेत बदलतो. अशी मांडणी अभ्यासाची कशी करायची, हे मात्र पोराला कोणी शिकवत नाही. "अभ्यासाला बस" एवढंच आपण म्हणतो.

या मांडणीमागच्या गुणांना कार्यकारी कौशल्ये म्हणतात. आपल्या भाषेत डोक्यातला कारभारी. त्याची कामं तीन : सांगितलेलं काम पुरं होईपर्यंत ध्यानात ठेवणे, मन आवरणे आणि अडलं तर दुसरी वाट धरणे. मेंदूचा हा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास पुरा तयार होतो. तोवर त्याला आधार लागतो, वेलीला मांडव लागतो तसा.

विश्रामबागेत कस लागतो

सांगलीच्या विश्रामबागेत १९१९ साली सुरू झालेलं विलिंग्डन महाविद्यालय आहे, १९४७ सालचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खेड्यातली मुलं तिथं खोली घेऊन राहतात. गावात आई उठवायची, गुरुजी वही तपासायचे. इथं सगळं स्वतःच बघायचं. हुशार पोरगंही अशा वेळी मागं पडू शकतं. बुद्धी तीच असते, कारभाराची सवय नसते. ती चौथी-पाचवीपासून लावावी लागते.

घरी काय करावे

१) भिंतीवरच्या कॅलेंडरवर परीक्षेची तारीख पोराच्या हातानं लिहून घ्या. तिथून मागं मोजत धडे वाटून घ्या.
२) मोठं काम तोडून द्या. "गणित कर" म्हणू नका, "ही पाच उदाहरणं कर" म्हणा.
३) दप्तर रात्रीच भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, पण भरू नका.
४) अभ्यासाच्या वेळी टीव्ही, मोबाईल बंद. आधी आपला.
५) सवय लागली की आधार हळूहळू काढा.

अडचण वेगळी असेल तर

काही मुलं बोलायला चलाख असतात. म्हशीचं दूध, डेअरीचा हिशोब तोंडपाठ. पण वाचताना अडखळतात, अक्षरं उलटी लिहितात, फळ्यावरचं उतरवताना मागं राहतात. आधी डोळे आणि कान तपासा. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमता असू शकते. तो आळस नव्हे. मारून ती जात नाही, आणि शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे.

महाराष्ट्र शासनानं १९९६ सालीच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नोंदलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र प्रमाणपत्रासाठी तपासणी व्हावी लागते, त्यामुळे दहावीच्या तोंडावर धावपळ करू नका. तिसरी-चौथीतच शिक्षकांशी बोला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की शंका त्यांच्या कानावर घाला.

गावाचं काम

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो. समितीनं वर्गनिहाय विचारावं : वाचनात कोण अडतंय, त्याची तपासणी झाली का? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी संध्याकाळी दोन तास एखादी खोली, दिवा आणि एक जाणता माणूस दिला, तरी ज्यांच्या घरी बसायला जागा नाही त्या मुलांची सोय होईल.

पीक पिवळं पडलं तर आपण पिकाला शिव्या देत नाही. पान उलटून बघतो, माती तपासतो. पोराच्या बाबतीतही आधी तपासा, मग उपाय करा. येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर मांडा.