बाइट तेच, उत्तर वेगळं (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण सी भाषेच्या फंक्शनमध्ये असेम्ब्लीच्या दोन ओळी बसवल्या आणि त्या कुठली रजिस्टरं वापरतात, ते कंपायलरला कळवलं. आपल्या मशिनवर त्या चालल्या. आता हाच प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशिनवर न्यायचाय. प्रोसेसर एक्स८६ घराण्यातलाच, पण जुना.

नवी इन्स्ट्रक्शन जुन्या प्रोसेसरला कळली नाही, तर लिनक्सवर 'इलीगल इन्स्ट्रक्शन' असा शेरा येतो आणि प्रोग्रॅम तिथंच थांबतो. याची सगळ्यांना धास्ती असते. मला तर हा सज्जन प्रकार वाटतो. चूक कुठं झाली ते निदान कळतं. खरा दगा देते ती एलझेडसीएनटी.

एखाद्या संख्येच्या डाव्या टोकाला सलग किती शून्य बिट आहेत, ते ही इन्स्ट्रक्शन मोजते. एएमडीने ती २००७ च्या बार्सिलोना प्रोसेसरमध्ये आणली, इंटेलने २०१३ च्या हॅसवेलमध्ये. तिचे बाइट मात्र नवे नाहीत. जुन्या बीएसआर इन्स्ट्रक्शनच्या पुढे एफ३ हा बाइट जोडला, की झाली एलझेडसीएनटी. इथल्या एफ३ कडे जुना प्रोसेसर चक्क दुर्लक्ष करतो आणि बीएसआर चालवतो. बीएसआर सांगते सर्वांत वरचा १ कितव्या जागी आहे ते, उजवीकडून शून्यापासून मोजून. ३२ बिटांत ४०९६ दिले तर नवा प्रोसेसर १९ म्हणतो, जुना १२. तक्रार नाही, शेरा नाही, आकडा तेवढा चुकीचा.

हीच युक्ती पॉज इन्स्ट्रक्शनमध्ये मात्र छान जमली आहे. एफ३ आणि ९०. पेंटियम ४ पासून तिचा अर्थ 'लॉकची वाट बघतोय, जरा दमाने', आणि त्याआधीच्या प्रोसेसरवर 'काही करू नका'. जुना अर्थही चालून जातो, म्हणून ती न विचारता वापरता येते.

प्रोसेसरमध्ये एलझेडसीएनटी आहे का, हे सीपीयूआयडी या इन्स्ट्रक्शनला विचारावं लागतं, आणि इथं विचारणाराच अडकतो. सीपीयूआयडी ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स या चारही रजिस्टरांत उत्तर लिहिते. ३२ बिटांच्या शेअर्ड लायब्ररीत ईबीएक्स कंपायलरने स्वतःच्या पत्त्यांच्या तक्त्यासाठी राखलेलं असे. जीसीसी कंपायलरच्या ५ व्या आवृत्तीआधी ते मागितलं तर कंपायल व्हायलाच नकार. मग लोकांनी तोडगा काढला: ईबीएक्स आधी ईडीआयमध्ये ठेवा, सीपीयूआयडी चालवा, पुन्हा अदलाबदल करा. पुढे ६४ बिट आले. त्याच ओळी मुकाट कंपायल झाल्या, पण ६४ बिटांत ईबीएक्सवर लिहिलं की त्याच्या ६४ बिटी रूपाचा, म्हणजे आरबीएक्सचा, वरचा अर्धा भाग शून्य होतो. कंपायलरने तिथं एखादा पॉइंटर ठेवला असेल, तर पत्ताच अर्धा गेला, आणि प्रोग्रॅम मरतो भलत्याच फंक्शनमध्ये. पुश-पॉपने वाचवू म्हणाल, तर ६४ बिट लिनक्सवर स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट कंपायलर न सांगता वापरू शकतो. पुश नेमकं तेच पुसतं. जीसीसीसोबत सीपीयूआयडी.एच ही हेडर फाइल येते. तीच घ्यावी.

दर वेळी विचारणं महागात पडतं. सीपीयूआयडी मुळातच सावकाश, व्हर्च्युअल मशिनमध्ये तर फारच. म्हणून लिनक्स कर्नल बूट होतानाच काय ते तपासतो आणि स्वतःच्या कोडमधल्या ठरावीक इन्स्ट्रक्शन त्या प्रोसेसरला साजेशा बदलून टाकतो. आपल्यासारख्यांना सुरुवातीला एकदा तपासून फंक्शन पॉइंटर लावणं पुरतं.

आणि शून्यच मोजायचे असतील, तर असेम्ब्ली हवी कशाला? जीसीसीच्या 'बिल्टिन सीएलझेड'ला सांगा. सर्वसाधारण एक्स८६साठी ते बीएसआर लावून ३१ शी एक्सॉर करतं, हॅसवेलसाठी एलझेडसीएनटी लिहितं, एआरएमवर तिथली सीएलझेड. फक्त त्याला ० देऊ नका. त्याचं उत्तर व्याख्येतच नाही, त्यासाठी वर एक 'इफ' लिहावाच लागतो.