टू-स्ट्रोकची जुळणी : लेखांक नववा – न दिसणारी गळती

गेल्या आठवड्यात क्रँक जागेवर बसवून, दोन्ही बाजूंची ऑइल सील घालून आपण केसचे दोन भाग मिटले होते, आणि या लेखांकात पिस्टन, रिंगा व सिलिंडर यांच्याकडे वळण्याचे मी कबूल केले होते. परंतु महागाव तालुक्यातील फुलसावंगीहून एका वाचकाचे जे पत्र आले आहे, त्याने तो विषय आठवडाभर तहकूब ठेवण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. या गृहस्थांनी आपल्या जुन्या येझदी मोटरसायकलच्या इंजिनाची जुळणी स्वतः केली. गाडीखाली तेलाचा एक थेंब पडत नाही. तरीही इंजिन तापले की रेस खाली उतरत नाही, प्लग काढून पाहावा तर त्याचे टोक पांढरेफटक, आणि दोन वेळा तर चालत्या गाडीत पिस्टन जाम झाले. कार्बोरेटरमध्ये मोठा जेट घालण्याचा सल्ला त्यांना मिळाला आहे. त्यांचा प्रश्न असा की, गळती नाही याचा अर्थ सांधे पक्के आहेत, असाच ना?

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते का नकारार्थी आहे हे ज्याला नीट उमगले, त्याला टू-स्ट्रोक इंजिनाचे अर्धे मर्म उमगले असे मी मानतो. फोर-स्ट्रोक इंजिनाची केस ही मुख्यतः तेल साठवण्याची जागा असल्यामुळे तिचा सांधा सैल राहिला तर तेल बाहेर येते आणि दोष आपणहून डोळ्यांपुढे उभा राहतो. टू-स्ट्रोकची केस स्वतःच एक पंप आहे. डुगाल्ड क्लार्क या अभियंत्याने टू-स्ट्रोकचे तत्त्व प्रथम यशस्वी रीतीने चालवून दाखवले, तेव्हा मिश्रण सिलिंडरात ढकलण्यासाठी त्याने एक वेगळा सिलिंडर योजला होता. पुढे १८९१ च्या सुमारास इंग्लंडमधील बाथ शहराच्या जोसेफ डे याने ते काम क्रँककेसकडेच सोपवून एक सिलिंडर वाचवला, आणि त्याच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक याने पिस्टनच्या कडेनेच आत येणारी वाट उघडमीट करण्याची तजवीज करून पेट्रोलच्या वाटेवरची झडपही अनावश्यक ठरवली. ६५ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक असलेले येझदीचे इंजिन याच वंशातील आहे. पिस्टन वर जाते तेव्हा केस लोहाराच्या भात्याप्रमाणे मिश्रण आत ओढते, खाली येते तेव्हा तेच दाबून सिलिंडरात पाठवते. आणि मिनिटाला ४००० फेरे या गतीने हा व्यवहार सेकंदाला सहासष्ट वेळा घडतो.

अशा यंत्राच्या सांध्यातून तेल बाहेर येण्याआधी हवा आत शिरते. कार्बोरेटरला वगळून आलेल्या या हवेबरोबर पेट्रोल नसते आणि पेट्रोलबरोबर येणारे वंगणही नसते. मिश्रण पातळ होते, ज्वलन अधिक तापते, रेस उतरत नाही आणि पिस्टन सिलिंडरला धरते. हवा उजव्या, म्हणजे डायनामोकडील सीलमधून येत असेल तर लक्षणे नेमकी आमच्या वाचकांनी कळवल्यासारखी असतात. डावे, क्लचकडील सील निकामी झाले तर केस गिअरचे तेल शोषून घेते, सायलेन्सरमधून दाट धूर निघतो आणि गिअरबॉक्समधील तेलाची पातळी विनाकारण उतरत जाते. मोठा जेट घातल्याने पहिला दोष काही काळ झाकला जाईल. तो दूर होणार नाही.

आता केसच्या मधल्या सांध्याविषयी, ज्याची गेल्या वेळी मी चार ओळींत बोळवण केली. हा सांधा बाहेरची हवा तर अडवतोच, शिवाय क्रँकची कोठडी आणि गिअरबॉक्स यांच्यामधील सरहद्दही राखतो. केस उघडताना दोन भागांच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून नेट लावण्याची जी सर्रास रीत आहे, तिने ॲल्युमिनियमवर उठलेला एक ओरखडाही नव्या पॅकिंगला जुमानत नाही. जुने पॅकिंग लाकडाच्या चपट्या पट्टीने खरवडावे, पृष्ठभाग जाड सपाट काचेवर टेकवून पाहावा, आणि पॅकिंग मूळ जाडीचेच घ्यावे. कारण घरच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या जाड पॅकिंगने क्रँकची आणि गिअरच्या दांड्यांची आडवी हालचाल वाढते, आणि तो हिशेब पुढे कशानेही जुळत नाही.

लेपाच्या बाबतीत मात्र जुन्या पिढीचा शिरस्ता आता बदलावा लागेल, हे मी आग्रहाने सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा-येझदी गाड्या बाहेर पडत होत्या, त्या काळात सांध्याला चपडा लाखेचा लेप लावणारे कारागीर पुष्कळ होते आणि त्यांचे चुकत नव्हते, कारण निव्वळ पेट्रोलमध्ये लाख विरघळत नाही. ती विरघळते मद्यार्कात, हे लाकडाला पॉलिश करणारा प्रत्येक सुतार जाणतो. आणि आज पंपावरील पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे मद्यार्कच, २० टक्क्यांपर्यंत मिसळलेला असतो. नेहमीचा सिलिकोनचा लेपही पेट्रोलला टिकत नाही. तो फुगतो, आणि त्याचे सुटलेले धागे आत बेअरिंगपर्यंत जातात. पेट्रोल व इथेनॉल या दोहोंना दाद न देणारा लेप मागून घ्यावा, बोटाने अत्यंत पातळ पसरावा, आणि बोल्ट मध्यापासून बाहेर, आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. सीलचे रबरही इथेनॉलला टिकणारे आहे याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी.

हे सर्व केल्यावरही सांध्यावर विश्वास ठेवू नये. त्याची परीक्षा घ्यावी, आणि ती इंजिन चौकटीत चढवण्यापूर्वी, बाकावरच घ्यावी. महागडे उपकरण नाही म्हणून ही चाचणी टाळण्याचे कारण नाही. डॉक्टर रक्तदाब पाहण्यासाठी वापरतात त्या घड्याळी यंत्राची तबकडी पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत असते, आणि तेवढा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.४ किलो, अर्थात या कामाला हवा तेवढाच. जुन्या प्लगमधील चिनीमाती फोडून काढावी, उरलेल्या लोखंडी कवचात पितळी नळी झाळून घ्यावी आणि तिला रबरी फुगा व तबकडी जोडावी. हेड आवळून, पिस्टन अगदी खाली आणून, कार्बोरेटरचे तोंड व सायलेन्सरची दोन्ही तोंडे रबर व पत्र्याने बंद करावीत. काटा ३०० वर नेऊन सहा मिनिटे पाहावे. काटा उतरला तर साबणाचे पाणी सांध्यांवर आणि डायनामोकडील सीलवर लावावे, बुडबुडा आपले ठिकाण स्वतः दाखवतो. कुठेच बुडबुडा न येता काटा उतरत असेल, तर गिअरबॉक्सची इतर भोके बंद करून तेल घालण्याच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरावा. तो फुगला तर हवा डाव्या सीलमधून किंवा मधल्या सांध्यातून आत जात आहे, हे सिद्ध झाले.

फुलसावंगीच्या पत्राला मी एवढी जागा दिली, त्याला आणखी एक कारण आहे. याच गावच्या शेख इस्माईल या तरुण कारागिराने मारुती ८०० च्या इंजिनावर एका माणसाचे हेलिकॉप्टर बांधले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या चाचणीत मागचे पाते तुटून झालेल्या अपघातात त्याने प्राण गमावला. आमच्या खेड्यांत हातांची आणि धाडसाची वाण नाही. त्या हातांना लागणारी मोजमापे आणि तपासणीच्या रीती त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावापर्यंत पोहोचलेल्या नाहीत. ही उणीव थोडीतरी भरून निघावी, एवढ्याचसाठी ही लेखमाला मी हाती घेतली आहे.

आमच्या वाचकांनी जेट आहे तोच ठेवावा, इंजिन उतरवावे आणि वरील चाचणीचा निकाल मला कळवावा. काटा स्थिर राहिला, तर दोष पिस्टन व सिलिंडर यांमधील अंतरात शोधावा लागेल, आणि तो विषय, रिंगांसह, पुढील लेखांकात निश्चित येईल.