अठराव्या वर्षानंतरचं घर

प्रगत देशांत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीला टेकलं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया, वेळेवर मिळणारे औषधोपचार आणि घरच्यांनी जिवापाड केलेला सांभाळ यांमुळे हे घडलं. आपल्याकडेही चाळिशी-पन्नाशीतली अशी 'मुलं' आता पेठापेठांत दिसतात. त्यांच्या आयांनी सत्तरी ओलांडलेली असते, आणि कोल्हापुरात दोन पालक भेटले की बोलणं शेवटी एकाच प्रश्नावर येतं: "आमच्या माघारी याचं कसं?"

२०११च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. लपवलेली, न सांगितलेली माणसं धरली तर आकडा याहून मोठा असणार.

पालकांच्या त्या प्रश्नाला आज दोनच उत्तरं आहेत: भाऊ-बहीण किंवा संस्था. भाऊ पुण्याला नोकरीला असतो, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याचा स्वतःचा संसार असतो. बहिणीला सासरी विचारावं लागतं. नाही म्हणणारे सगळेच दगडाच्या काळजाचे नसतात. अनेकांना खरंच झेपत नाही. संस्थांचं म्हणाल तर दिवसाची सोय होऊ शकते. कोल्हापुरात शेंडा पार्कातली चेतना अपंगमती विकास संस्था शाळेबरोबर मोठ्या मुलांसाठी कार्यशाळाही चालवते. पण संध्याकाळी परतायला घर लागतं. कायमच्या निवासाच्या जागा राज्यभर मोजक्याच आहेत, आणि त्यांतल्या काही पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केल्या आहेत. बदलापूरची 'आधार' आणि डोंबिवलीजवळच्या खोणी गावातलं अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' ही त्यांतली परिचित नावं. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकाने हे दुःख मध्यमवर्गीय प्रेक्षकांपुढे ठेवलं होतं. 'आधार', 'घरकुल' उभारणाऱ्या पालकांनी त्यावर विटा रचल्या.

जगात एक तिसरी वाटही आहे. नात्यातलं नसलेलं एखादं कुटुंब अशा प्रौढ माणसाला आपल्या घरी राहायला घेतं. त्याला खोली मिळते, ताटात जेवण मिळतं, सणावाराला नवे कपडे मिळतात, आणि कुटुंबाला त्यासाठी ठरावीक मोबदला मिळतो.

बेल्जियममधल्या गील या गावात हे मध्ययुगापासून चालत आलं आहे. संत डिम्फनाच्या देवळात बरं वाटावं म्हणून मनोरुग्णांना आणलं जाई. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली. १८५० साली सरकारने ही व्यवस्था आपल्या देखरेखीखाली घेतली. १९३८मध्ये गावात असे ३,७००हून जास्त लोक राहत होते. आता ती संख्या खूपच कमी झाली आहे. बाहेर ज्याची फारशी चर्चा होत नाही अशी गोष्ट म्हणजे, या शतकाच्या सुरुवातीला पाहणी झाली तेव्हा तिथल्या पाहुण्यांपैकी जवळपास निम्म्यांना बौद्धिक दिव्यांगत्व होतं. हे लोक शेतकामाला हात लावायचे, पोरं खेळवायचे, बाजारात जायचे. काही जण एकाच घरात दोन पिढ्या राहिले: यजमान वारले की त्यांची मुलगी पाहुण्याची जबाबदारी घ्यायची. मात्र यजमान कुटुंबाला कधी एकटं सोडलेलं नसतं. नर्स घरी येते, आणि जमत नसेल तर माणसाला परत नेता येतं. २०२३मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद जपणुकीचा आदर्श म्हणून घेतली.

ब्रिटनमध्ये अशा व्यवस्थेला 'शेअर्ड लाइव्ह्ज' म्हणतात. तिथे इच्छुक कुटुंबाची आधी कसून चौकशी होते, मग प्रशिक्षण दिलं जातं. त्यानंतरची जुळवाजुळव फार जपून करतात. आधी चहाला भेट, मग एक दिवस, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. दोघांनाही रुचलं तरच मुक्काम ठरतो. इंग्लंडमध्ये एका घरात तिघांहून जास्त ठेवता येत नाहीत, आणि या योजना सरकारी निरीक्षकांच्या नजरेखाली असतात. काही जण कायम राहतात. काहींसाठी ही सोय आठ-पंधरा दिवसांची असते, घरच्या आईला उसंत मिळावी म्हणून.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारं काम मुळशी तालुक्यात कोळवणला झालं. १९९४मध्ये सुरू झालेल्या 'साधना व्हिलेज'ची प्रेरणा 'कॅम्पहिल'ची. व्हिएन्नाहून नाझींच्या छळामुळे बाहेर पडलेले डॉ. कार्ल कोनिग यांनी १९४०च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये ही चळवळ उभी केली. कोळवणला प्रौढ व्यक्ती मोठ्या वसतिगृहात राहत नाहीत. त्या छोट्या घरांत राहतात आणि प्रत्येक घराला गृहमाता असते. भाजी निवडणं, अंगण झाडणं, शेतीची कामं यांत दिवस जातो. हे परक्याचं घर नव्हे, तसं रुग्णालयही नव्हे.

आणि अमरावती जिल्ह्यातलं वझ्झर. अचलपूर-परतवाड्याजवळच्या या गावात शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं, अनेकांची लग्नं लावून दिली. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी एकच आहे: अठरा पूर्ण झाले म्हणून या मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, कायदा करा.

खरा अडसर नेमका याच वयाचा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या नवव्या कलमानुसार, आई-वडिलांना सांभाळणं शक्य नसलेल्या दिव्यांग बालकाला न्यायालयाने आधी जवळच्या नातेवाइकांकडे, ते जमलं नाही तर समाजातल्या एखाद्या कौटुंबिक वातावरणात ठेवायचं असतं. निवारागृह केवळ अपवाद म्हणून. महाराष्ट्रात मुलांना कुटुंबात ठेवण्यासाठी बालसंगोपन योजना आहे आणि तिच्यातून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण 'बालक' हा शब्द अठराव्या वाढदिवसाला संपतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकीच समज असलेला माणूस त्या सकाळी कागदावर सज्ञान होतो, आणि कुटुंब शोधून देणारी यंत्रणा हात काढून घेते. याच कायद्याचं पाचवं कलम मात्र प्रौढांनाही समाजात राहण्याचा हक्क देतं. हक्क आहे, पण तो बजावायला घर नाही. ही तफावत क्रूर आहे, आणि ती दूर करणं राज्य सरकारच्या हातात आहे: अशा व्यक्तींपुरती संगोपन योजनेची वयोमर्यादा उठवता येईल.

कोल्हापूरला परक्या मुलाला जेवू घालणं नवीन नाही. वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी जेवून, शिकलेल्यांच्या आठवणी जुन्या घरांत अजून निघतात. ते वार बहुतेक जातीपुरते असत, म्हणून तर शाहू महाराजांनी १९०१पासून वसतिगृहांची रांग उभी केली. घर आणि बोर्डिंग, दोन्ही या शहराने पाहिलं आहे. नसीमा हुरजूक यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या दिव्यांगांसाठीच्या संस्थेला १९८४पासून इथल्याच लोकांनी हात दिला.

तरीही प्रौढांना परक्या कुटुंबात ठेवण्याचं हे काम भाबडेपणाने सुरू करू नये. ज्याला नीट सांगता येत नाही त्याचा छळ चार भिंतींआड सहज होतो. घरातही आणि संस्थेतही. फुकटचा गडी म्हणून राबवण्याचा मोह होईल, त्याच्या नावच्या पेन्शनवर डोळा राहील. म्हणून न कळवता होणाऱ्या भेटी, तिऱ्हाइताचं लक्ष आणि दिवसा कार्यशाळेत जाणं हे हवंच. दिवसातून काही तास घराबाहेर, ओळखीच्या शिक्षकांच्या नजरेपुढे असणारा माणूस जास्त सुरक्षित असतो. मोबदलाही पुरेसा हवा. २,२५० रुपयांत मोठ्या माणसाचं जेवणखाण आणि औषधं भागत नाहीत. सुरुवात आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामापासून करावी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, घरात लग्न आहे, एवढ्यापुरतं. त्यातून कुटुंबं तयार होतील आणि कुणाचं कुणाशी जमतं तेही कळेल.

दुसऱ्या एका कायद्याचा आधार मात्र आजही घेता येतो. मूल सज्ञान झाल्यावर आई-वडीलसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीशी कळतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. ही समिती पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. हयगय किंवा अफरातफर झाली तर त्याला काढता येतं. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. पालकत्वाचा अर्ज आई-वडिलांना हयातीतच करता येतो, आणि पुढे सांभाळणाऱ्याशी बोलायला त्याहून चांगलं निमित्त नाही, कारण पालक होणाऱ्याची लेखी संमती त्या अर्जाला जोडावी लागते.