1930 साली तुम्ही इथे होता का?

कोयनेच्या किंवा चांदोलीच्या रानात म्हशी राखणाऱ्या गवळी-धनगराला कायदा एक प्रश्न विचारतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधी 75 वर्षं तुमचं घराणं या जंगलात राहत होतं, त्यावर जगत होतं, याचा पुरावा काय? बोटांवर हिशेब केला की साल येतं 1930. लोणी-तूप खाली गावात नेऊन त्यावर धान्य आणणाऱ्या, सह्याद्रीच्या माथ्यावर घर करणाऱ्या माणसानं 1930 चा पुरावा काढून दाखवायचा!

हा 2006 चा वनहक्क कायदा. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, असं तो सुरुवातीलाच कबूल करतो. मात्र पुढे दोन दारं उघडतो. अनुसूचित जमातींनी 2005 च्या त्या तारखेआधीपासून आपण तिथे आहोत एवढं दाखवलं की पुरे. कातकऱ्यांसारख्या अनुसूचित जमातींचं दार ते. धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात, म्हणून त्यांच्या वाट्याला दुसरं दार, ‘अन्य पारंपरिक वननिवासीं’चं. तिथे पंचवीस-पंचवीस वर्षांच्या तीन पिढ्यांचा हिशेब द्यावा लागतो. डोंगर तोच, रान तेच, पुराव्याचं ओझं मात्र निराळं.

आता 1930 साली याच भागात काय चाललं होतं पाहा. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता; आजचा शिराळा तालुका साताऱ्यातच होता. त्या तालुक्यातल्या बिळाशीत त्या वर्षी जंगल सत्याग्रह पेटला. लोकांनी वनकायदा मोडला, गावात तिरंगा उभारला आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. जंगल कुणाचं, यावर इथे रक्त सांडलं ते वर्ष आणि आज पुरावा मागितला जातो ते वर्ष एकच. योगायोगच हा, पण असा योगायोग कादंबरीत आला असता तर संपादकानं कापला असता. दुखणं त्याहून जुनं आहे. ज्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यानं गोरगरिबांची गुरं चरायची रानं गिळल्याचा संताप मांडला होता.

खरी गंमत पुढे आहे. कायद्याचे नियम 2008 साली आले. त्यातला तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो आणि ती वाचताना सरकारी कागद वाचतोय यावर विश्वास बसत नाही. त्यात मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड आहेच. शिवाय विहिरी चालतात, दफनभूमी चालतात, देवस्थानं चालतात. उतारावर घातलेले बांध, सपाट केलेली जमीन चालते. पूर्वजांचं नाव जुन्या नोंदीत असेल तर तिथपर्यंतची वंशावळ चालते. म्हणजे कारवीच्या जाळीत हरवलेली बुजलेली विहीर किंवा देवराईतला शेंदूर फासलेला दगड हा साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्यासाठी कायद्यानं डोंगरालाच कागद मानलं.

यादीत अगदी वरती गॅझेटियर आहे. इंग्रजांनी मुलूख नीट ताब्यात ठेवता यावा म्हणून जी मोजदाद केली, तिच्यातूनच 1885 चं सातारा गॅझेटियर निघालं. आज त्यातली एखादी ओळ धनगरवाड्याच्या कामी येऊ शकते. संशोधनही चालतं. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम घाटातल्या गवळी-धनगरांचा अभ्यास केला होता. खोऱ्यातले कुणबी आणि माथ्यावरचे धनगर यांनी निसर्ग कसा वाटून घेतला होता, त्यांच्यात लोण्याची आणि धान्याची देवघेव कशी चाले, हे त्यांनी नोंदवलं. त्या वेळी हा कायदा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

आणि दंडाच्या पावत्या! रानात म्हशी घातल्या म्हणून वनखात्यानं आजोबांना दंड केला असेल, तर ती पावती जपून ठेवणारं घर शहाणं. ज्या कागदानं आजोबांना गुन्हेगार ठरवलं, तोच आज सांगतो की ते इथेच होते.

तरी वाट सोपी नाही. कोयना धरणात गावं बुडाली तेव्हा काही कुटुंबं वर डोंगरात सरकली. 1985 मध्ये त्याच रानाचं अभयारण्य झालं. त्याच वर्षी चांदोलीही अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. जिथून गाव उठलं तिथली विहीर दाखवायला आत जायचं, तर आधी परवानगी काढावी लागते.

यादीत आणखी एक पुरावा आहे: दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन, म्हणजे तोंडी इतिहासच. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये, गित्क्सान आणि वेत्सुवेतेन लोकांच्या खटल्यात, तोंडी इतिहासाला कागदाच्या बरोबरीनं तोललं पाहिजे असं सांगितलं होतं. त्याआधी खालच्या कोर्टात एका वृद्धेनं पूर्वजांचं गाणं म्हणायचं ठरवलं, तेव्हा न्यायाधीश वैतागले होते. आपल्याकडे हे थेट नियमातच लिहिलं गेलं, आणि ते मला फार मोठं वाटतं. पण हिशेब करा. नियम आले तेव्हा ऐंशी वर्षांची असलेली म्हातारी 1930 साली जेमतेम दोन वर्षांची होती. तेव्हाचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारं माणूस आज शंभरीच्या आसपास असणार. बाकीच्यांनी सांगायचं ते आजीकडून ऐकलेलं.

दाव्याची सुरुवात मात्र तहसीलदाराकडे होत नाही, ग्रामसभेत होते. सातारा-सांगलीत अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू नाही. जंगलावर गावाच्या हाती जी सत्ता आली ती मुख्यतः या वनहक्क कायद्याच्या वाटेनं. तिथेही अडचण होती: डोंगरावरची दहा-बारा घरं खालच्या मोठ्या गावाच्या सभेत हात वर करून किती करणार? 2012 मध्ये नियम बदलले. वाड्या-पाड्यांची आणि नोंद नसलेल्या वस्त्यांची यादी करायला सांगितलं गेलं, म्हणजे वस्तीची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. या सभेत निम्मी माणसं हजर हवीत, आणि हजर असलेल्यांत निदान तिसरा हिस्सा बायकांचा हवा.