कर्जत–खालापूर परिसरातील हिवाळी पाणपक्षी : अधिवास, कायदा आणि नोंदींची आवश्यकता

सारांश

रायगड जिल्ह्यातील हिवाळी पक्षिनिरीक्षणाचा विचार सामान्यतः उरण, पनवेल व ठाणे खाडी या किनारी भागांपुरता होतो. कर्जत व खालापूर हे तालुके समुद्रापासून दूर असले तरी उल्हास व पाताळगंगा या नद्यांमुळे ते खाडीशी जोडलेले आहेत. या दोन तालुक्यांतील हिवाळी पाणपक्षी प्रामुख्याने नदीपात्र, भातखाचरे आणि मानवनिर्मित जलाशय यांच्या आश्रयाने राहतात. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांत नेमके हेच तीन प्रकार व्याख्येबाहेर ठेवण्यात आले आहेत. प्रस्तुत लेखात या अधिवासांचे स्वरूप स्पष्ट करून पद्धतशीर पक्षिनोंदींचे महत्त्व मांडण्यात आले आहे.

बीजशब्द : हिवाळी स्थलांतर, पाणथळ जागा, भातखाचरे, उल्हास, पाताळगंगा, पक्षिगणना.

१. प्रस्तावना

उत्तर आशिया, मध्य आशिया व हिमालय या प्रदेशांत विणीचा हंगाम संपला की असंख्य पक्षी अन्नाच्या शोधात दक्षिणेकडे येतात. भारतात येणारे बहुतांश पक्षी ज्या मार्गाने प्रवास करतात त्यास मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे म्हणतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गात ३० देशांचा समावेश होतो. महाराष्ट्राचा किनारा हा या मार्गावरील महत्त्वाचा मुक्काम आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांमुळे त्याची माहिती सर्वसामान्यांपर्यंत पोचली. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

तथापि किनाऱ्यावरील या प्रसिद्धीमुळे सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या अंतर्गत भागाकडे दुर्लक्ष झाले. कर्जत व खालापूर येथे रोहित पक्ष्यांचे थवे नाहीत. तेथे आढळतात ते धोबी, तुतवार, पाणलावा व चिखल्या यांसारखे लहान, विखुरलेले आणि सहज नजरेस न पडणारे पक्षी. त्यांची संख्या एका ठिकाणी मोठी नसते, म्हणून ते बातमीचा विषय होत नाहीत. आणि त्यांचा अधिवास कोणाच्याही यादीत नसतो, म्हणून तो नष्ट झाला तरी त्याची नोंद होत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

१) कर्जत–खालापूर परिसरातील हिवाळी पाणपक्ष्यांचे अधिवास व त्यामागील पाण्याची व्यवस्था समजून घेणे.
२) या अधिवासांची खाडीकिनाऱ्यावरील अधिवासांशी तुलना करणे.
३) त्यांची कायदेशीर स्थिती स्पष्ट करून नोंदींची उपयुक्त पद्धती सुचविणे.

३. पाण्याची व्यवस्था

या परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ संपूर्णपणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतार तीव्र व खडक कठीण असल्याने पाणी वेगाने वाहून जाते. कोकणातील अनेक लहान नद्या हिवाळ्याच्या अखेरीस डबक्यांच्या स्वरूपात उरतात. उल्हास व पाताळगंगा मात्र या नियमास अपवाद ठरल्या आहेत, आणि त्याचे कारण नैसर्गिक नसून ऐतिहासिक आहे.

टाटा उद्योगसमूहाने घाटमाथ्यावर धरणे बांधून तेथील पाणी कोकणात सोडून वीज निर्माण करण्याची योजना विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतली. त्यानुसार खोपोली येथील वीजकेंद्र १९१५ मध्ये व भिवपुरी येथील वीजकेंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीस येऊन पाताळगंगेस मिळते. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरीस येऊन पेज नदीमार्गे उल्हासेस मिळते. मूळ प्रवाहाप्रमाणे हे पाणी इंद्रायणी, भीमा व कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागरास गेले असते. ते आता अरबी समुद्राकडे वाहते आणि त्यामुळे या दोन्ही नद्या बारमाही झाल्या आहेत. कर्जत तालुक्यात याच पाण्यावर राजनाला कालव्याद्वारे काही गावांमध्ये भाताचे दुसरे, म्हणजेच उन्हाळी पीक घेतले जाते.

पक्ष्यांच्या दृष्टीने या व्यवस्थेचा परिणाम महत्त्वाचा आहे. स्थलांतरित पक्षी ज्या महिन्यांत येतात त्या महिन्यांतच येथे वाहते पाणी व ओला चिखल उपलब्ध असतो. अर्थात वीजनिर्मिती व सिंचन यांसाठी घेतलेल्या निर्णयांचे हे अनपेक्षित फलित आहे.

४. हिवाळी पक्ष्यांचे प्रमुख अधिवास

अ) नदीपात्र : उथळ, खडकाळ व वाहते पात्र हे करड्या धोब्याचे आवडते ठिकाण होय. पांढरा धोबी त्यामानाने उघड्या, सपाट काठावर व शेतात अधिक दिसतो. सतत शेपटी वरखाली हलविण्याच्या सवयीमुळे ग्रामीण भागात धोब्यास परीट असेही म्हणतात. सामान्य तुतवार पाण्याच्या कडेने एकटाच फिरून किडे टिपतो. हिरवा तुतवार अत्यंत सावध असून लहान ओढे व डबकी पसंत करतो. उत्तरेकडील जंगलांत तो इतर पक्ष्यांनी झाडावर सोडून दिलेल्या घरट्यांत अंडी घालतो. पाणपक्ष्यांमध्ये ही सवय विरळच आहे. वाळू व गोटे यांच्या पट्ट्यांवर लहान कंठेरी चिखल्या आढळतो. या सर्वांना खोल पाणी नको असते. पाणी आणि जमीन यांच्या सीमेवरील अरुंद पट्टी हेच त्यांचे अन्नक्षेत्र असते. म्हणून वाळूउपसा किंवा काठाला बांधलेली सरळ भिंत यांमुळे नदी आटत नसली तरी पक्ष्यांचे अन्नक्षेत्र नाहीसे होते.

आ) भातखाचरे : ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये भाताची कापणी झाल्यावर खाचरांतील उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरण्याची पद्धत रायगडमध्ये प्रचलित आहे. अशा शेतांत पांढरा धोबी, गप्पीदास व थिरथिरा दिसतात. राजनाल्याच्या लाभक्षेत्रात चित्र वेगळे असते. तेथे उन्हाळी भाताची रोपे डिसेंबरमध्ये तयार केली जातात आणि जानेवारीच्या सुमारास चिखलणी व लावणी होते. ऐन थंडीत तयार झालेला हा मऊ चिखल पाणलावा व ठिपकेदार तुतवार यांना अनुकूल असतो. पाणलाव्याच्या लांब चोचीचे टोक संवेदनशील व लवचीक असल्याने चिखलात न दिसणारा गांडूळही तो हुडकून काढतो. मात्र जमीन कडक झाल्यास त्यास तेथे अन्न मिळत नाही. बांधांवरील गवतात व ओलसर झुडपांत शंकर हा निळ्या गळ्याचा लहान पक्षी दडलेला असतो.

इ) जलाशय : खालापूर तालुक्यातील चौकजवळील मोरबे धरण नवी मुंबईस पाणी पुरविते. अशा धरणांचे काठ तीव्र उताराचे व पाणी खोल असते. थापट्या, तलवार बदक, चक्रांग यांसारखी बदके उथळ पाण्यात डोके बुडवून अन्न मिळवितात. त्यामुळे मोठा जलाशय दिसला म्हणजे तेथे बदके असतीलच, असे अनुमान काढता येत नाही. हिवाळा पुढे सरकतो तशी पाण्याची पातळी उतरते व गाळाची कड उघडी पडते. त्या कडेवरच चिखल्या, तुतवार व धोबी गोळा होतात. तात्पर्य, जलाशयाचे पक्षिदृष्ट्या मूल्य त्याच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या उथळ कडेवर अवलंबून असते.

५. खाडीकिनाऱ्याशी तुलना

खाडीतील पक्ष्यांचे जीवन भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर पक्षी चरतात. भरती आली की त्यांना जवळच्या सुरक्षित, उथळ जागी विसावा घ्यावा लागतो. उरण तालुक्यातील पाणजे व परिसरातील पाणथळ जागा तसेच जुनी मिठागरे यांचे महत्त्व यासाठीच आहे. भरतीची विसाव्याची जागा गेली तर ओहोटीचे अन्नक्षेत्र शाबूत असूनही पक्ष्यांना त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यानंतर या भागातील भरावाचा प्रश्न तीव्र होत गेला.

याउलट कर्जत–खालापूर येथे भरतीचा प्रभाव पोचत नाही. येथील पक्ष्यांचे वेळापत्रक शेतीच्या हंगामावर व धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर चालते. किनाऱ्यावरील निरीक्षकास भरतीचे कोष्टक पाहावे लागते, तर अंतर्गत भागातील निरीक्षकास चिखलणी केव्हा आहे व कालव्यास पाणी केव्हा सुटणार आहे, याची चौकशी शेतकऱ्याकडे करावी लागते.

हे दोन प्रदेश भिन्न असले तरी तुटक नाहीत. पाताळगंगा धरमतरच्या खाडीस मिळते. उल्हास कल्याणमार्गे वसईच्या खाडीकडे जाते व तिचा एक फाटा ठाणे खाडीस जोडलेला आहे. वरच्या भागातील पाण्याचे प्रमाण व प्रदूषण यांचे परिणाम खालच्या खाडीपर्यंत पोचतात. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यासारखे काही पक्षी खाडीचा चिखल व भातशेती या दोन्हींचा उपयोग करतात, हे विविध देशांतील अभ्यासांतून दिसून आलेले आहे.

६. संरक्षणाची स्थिती

या परिसराच्या आसपास संरक्षित क्षेत्रे नाहीत असे नाही. पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये, तर भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये स्थापन झाले. कर्जत तालुक्यातील माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. परंतु ही सर्व क्षेत्रे डोंगर व वने यांची आहेत. पाणपक्षी राहतात ते खोऱ्यात, म्हणजे शेतकऱ्याच्या, शासनाच्या पाटबंधारे विभागाच्या किंवा महानगरपालिकेच्या ताब्यातील जागेत.

खाडीकिनाऱ्यास किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने कांदळवनांनाही संरक्षण मिळाले. भरतीरेषेपासून दूर असलेल्या कर्जत–खालापूरला यांचा लाभ नाही. उरतो तो पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांचा आधार. या नियमांतील व्याख्येतून नदीचे पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, तसेच सिंचन, मत्स्यशेती, मीठ उत्पादन व करमणूक यांसाठी बांधलेल्या रचना वगळण्यात आल्या आहेत. वर वर्णन केलेले तिन्ही अधिवास या वगळलेल्या यादीत मोडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पक्ष्याची शिकार करणे गुन्हा आहे. पण तो ज्या खाचरात चरतो त्या खाचरावर भराव टाकण्यास तो कायदा सहसा आड येत नाही.

भातशेतीस पाणथळ जागेचे कठोर नियम लावल्यास शेतकऱ्यावर अन्याय होईल, हा वगळण्यामागील विचार समजण्याजोगा आहे. शेतकऱ्याने शेती करीत राहणे हेच येथील पक्ष्यांच्याही हिताचे आहे. प्रश्न शेतीचा नसून शेती संपण्याचा आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यापासून आणि उपनगरी रेल्वेच्या सोयीमुळे या तालुक्यांत शेतघरे, विश्रामगृहे व गृहसंकुले वाढली. खाचराचे भूखंडात रूपांतर झाले की बांध, ओलावा व चिखल ही तिन्ही एकाच वेळी नाहीशी होतात. दुसरीकडे, भीमा खोऱ्यातील टंचाईमुळे टाटा धरणांचे पाणी पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी वेळोवेळी होत आली आहे. तिच्या गुणावगुणांची चर्चा करताना कोकणातील शेती व नळयोजनांचा विचार होतो. नदीकाठच्या जीवसृष्टीचा विचार होण्यासाठी मात्र आधारभूत माहिती हाताशी असावी लागते.

७. नोंदींची पद्धती

कायद्याचा आधार क्षीण असतो तेथे नोंद हाच पुरावा ठरतो. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आणि डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांनी भारतात शास्त्रीय नोंदींची परंपरा दृढ केली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पक्ष्यांची मराठी नावे संकलित करून ती सर्वसामान्यांपर्यंत पोचविली. या दोघांच्या जन्मदिनांना जोडणारा ५ ते १२ नोव्हेंबर हा कालावधी महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्याचे ठरविले. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते.

या दोन तारखा कर्जत–खालापूरच्या शेतीहंगामाशी जुळतात. नोव्हेंबरमध्ये कापणीचा काळ असतो, तर जानेवारीत चिखलणीचा. मार्चअखेरीस तिसरी फेरी घेतल्यास परतीच्या प्रवासापूर्वीची स्थिती कळते. नोंदी घेताना पुढील बाबी पाळणे आवश्यक आहे :

१) नदीकाठचा, शेताचा व जलाशयाचा प्रत्येकी एक मार्ग निश्चित करून दरवर्षी तोच ठेवावा. निरीक्षण सूर्योदयानंतरच्या दोन तासांत करावे.
२) जातीच्या नावाबरोबर प्रत्यक्ष मोजलेली संख्या लिहावी. "पुष्कळ" किंवा "काही" अशा शब्दांची पुढे तुलना करता येत नाही.
३) पाण्याची पातळी, पिकाची अवस्था व जमिनीचा ओलावा यांची नोंद करावी. पक्षी का घटले, याचे उत्तर बहुधा याच रकान्यात सापडते.
४) पक्षी न आढळल्यास तीही नोंद ठेवावी.
५) बगळे, ढोकरी, टिटवी, खंड्या व पांढऱ्या भुवईचा धोबी हे निवासी पक्षी असल्याने त्यांची गणना स्वतंत्र करावी.
६) शेतात शिरण्यापूर्वी शेतकऱ्याची संमती घ्यावी व छायाचित्रासाठी पक्ष्यास उडवू नये.

८. निष्कर्ष

१) कर्जत–खालापूर येथील हिवाळी पाणपक्ष्यांचा आधार मुख्यतः मानवनिर्मित जलव्यवस्थेवर व भातशेतीवर आहे.
२) त्यांचे प्रमुख अधिवास संरक्षित क्षेत्रांच्या तसेच २०१७ च्या नियमांतील व्याख्येच्या बाहेर आहेत.
३) खाडीचे संवर्धन करताना तिला मिळणाऱ्या नद्यांच्या वरच्या खोऱ्याचाही विचार होणे आवश्यक आहे.
४) परिसरातील महाविद्यालयांनी नोव्हेंबर, जानेवारी व मार्च या तीन फेऱ्यांचा उपक्रम सातत्याने राबविल्यास काही वर्षांत तुलनायोग्य माहिती जमा होईल. ती ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवहीत समाविष्ट व्हावी. भविष्यात एखाद्या खाचरावर भराव पडेल किंवा नदीचे पाणी कमी होईल, तेव्हा तेथे कोणते पक्षी येत होते आणि किती येत होते, हे सांगण्यास निदान एक लेखी आधार उपलब्ध असेल.