विकणे आहे, अर्जंट

जुन्या गाड्या, फर्निचर, भाड्याची घरं यांच्या ऑनलाइन छोट्या जाहिरातींची आमची कंपनी. यंदा विदर्भात काम वाढवायचं ठरलं आणि भरती निघाली. सेल्सची माणसं पटकन मिळतात. कस लागतो तो जाहिराती तपासणारे निवडताना, आणि ग्राहक टिकतो तो त्यांच्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

मुलाखतीत मी पदवीपेक्षा नजर बघते. स्क्रीनवर एक जाहिरात ठेवते: बुलेट, सिंगल ओनर, ३५ हजार, 'आर्मीत आहे, बदली झाली, अर्जंट विकणे'. ठिकाण नागपूर, नंबर एमएच १२. किंमत फारच कमी आहे, हे बहुतेकांना दिसतं. यवतमाळच्या एका मुलीने मात्र फोटो मोठा केला. "मॅडम, पुणे पासिंगचं समजू शकते, बदली झाली म्हणतोय. पण मागच्या दुकानाची पाटी कन्नडमध्ये आहे. गाडी नागपुरात असेल तर ही पाटी कुठून आली?" मग हळूच म्हणाली, "माझ्या मामांचे असेच पैसे गेलेत."

असेच म्हणजे, आधी गाडी पाठवण्याचं भाडं, मग गेटपास, मग आणखी काही. गाडी येतच नाही. विकणाऱ्यालाही फसवतात. 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील' म्हणतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आम्ही नव्या माणसांकडून पहिल्याच दिवशी घोकून घेतो. फसलेल्याचा फोन आला तर आधी त्याला १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावायचं, बाकीची चौकशी नंतर. वेळ गेला की पैसे पुढच्या खात्यात पळतात.

त्या मुलीच्याच दिवशी मुलाखतीला एक काका आले. बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या काउंटरवर शब्द मोजून छोट्या जाहिराती घेतलेले. "तिथे माणूस चिठ्ठी घेऊन समोर उभा असायचा," ते म्हणाले. "इथे नुसता मजकूर. पण खरा विकणारा मजकुरातही कळतो. तो वस्तूची खोट सांगतो."

दोघांनाही घेतलं. काका अजून प्रत्येक जाहिरात पुटपुटत वाचतात, शेजारी बसलेली ती मुलगी ऐकत असते. काल दुपारी त्यांच्यासमोर एक कपाट आलं. "लोखंडी, चार कप्पे, खालचं दार घासतं, आरसा तडकलेला आहे, न्यायला दोन माणसं लागतील..." मुलीने मान डोलावली आणि काकांनी 'मंजूर'चं बटण दाबलं.