पाण्यातलं शिसं पकडायचं कसं?

करंजाडेमधून मी पुन्हा तुमच्यासोबत.

ऑगस्ट २०१७ आठवतोय? आपल्या शेजारच्या तळोजा एमआयडीसीत निळे कुत्रे फिरत होते. फोटो जगभर गेले, कासाडी नदीच्या प्रदूषणावर बोंब झाली. का? तर रंग दिसला! आज बोलूया न दिसणाऱ्या गोष्टीवर, म्हणजे सांडपाण्यातल्या जड धातूंवर.

प्लेटिंग, बॅटरी, रंग बनवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम असू शकतं. सांडपाणी प्रकल्पातले जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. पण शिसं हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, नष्ट होत नाही. पाण्यातून उचलून बाजूलाच काढावं लागतं.

आधी चुना घालतात. बराचसा धातू गाळ होऊन तळाशी बसतो. उरलेल्या थोड्याशासाठी लागतं अधिशोषण. स्पंज पाणी आत ओढतो, ते शोषण. फळ्यावर खडूची धूळ बसते तसा धातू पृष्ठभागाला चिकटतो, ते अधिशोषण.

म्हणजे खेळ सगळा पृष्ठभागाचा. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रं असतात, की आतला पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटर भरतो. कबड्डीची सात मैदानं, चिमूटभर भुकटीत!

आणि हा माल महागच हवा असं नाही. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, भाताचा तूस, कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं कायटोसन, या सगळ्यांवर संशोधन झालंय. रायगडात यातलं काय कमी आहे?

मग अडतं कुठे? एक, पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन आधीच जागा अडवतात, शिशाला बसायला जागा उरत नाही. सहा-संयुजी क्रोमियमचं उलटं, ते आम्लातच चांगलं चिकटतं. म्हणून एकच पदार्थ सगळ्यांना चालत नाही. दोन, जागा भरल्या की काम संपलं. आम्लाने धुऊन पदार्थ परत वापरता येतो, पण धातू त्या धुतलेल्या पाण्यात उतरतो. शेवटी तो घातक कचरा म्हणून नीट ठेवावाच लागतो. उघड्यावर टाकला तर पावसात पुन्हा नदीत!

नदीत सोडायच्या सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत चिमूटभर मिठापेक्षाही कमी. पिण्याच्या पाण्यात तर त्याच्याही दहापट कमी. एवढंसं डोळ्यांना दिसणार कसं? जपानच्या मिनामातात पाणी नेहमीसारखंच दिसायचं, पण पारा माशांत साठला आणि मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर घाला पडला. तो आजार १९५६ मध्ये उघडकीस आला.

आपल्याकडे खाडीची मासळी रोज ताटात येते. म्हणून पाणी स्वच्छ दिसतंय यावर समाधान मानू नका. विचारा: धातूंची तपासणी कधी झाली, आकडा किती आला?

भेटूया पुढच्या भागात!